मालवणचा समुद्र वाचवायचा, पण कोणापासून?

अभयारण्य म्हटले की आम्हा नाशिककरांना निफाड तालुक्यातील नांदूर मधमेश्वर आठवते. गोदावरी-कादवा संगमावरील ही पाणथळ जागा रामसर यादीत गेलेली महाराष्ट्रातील पहिली. पण पाण्यातील अभयारण्याचा खरा कायदेशीर पेच पाहायचा असेल तर मालवणला जावे लागते.

१३ एप्रिल १९८७ रोजी शासनाने मालवण सागरी अभयारण्य जाहीर केले. क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. त्यापैकी ३.१८ चौरस किलोमीटर गाभा क्षेत्र. सिंधुदुर्ग किल्ल्याचे बेट, पद्मगड आणि भोवतालचे बुडालेले खडक त्यातच येतात. या खडकांवर प्रवाळ आहेत, त्यांच्या आडोशाला माशांची पिल्ले वाढतात. २००१ पासून प्रवाळांना वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या रांगेत, संरक्षण आहे. ते योग्यच आहे. खडक मेला तर उद्या जाळ्यातही काही येणार नाही.

प्रश्न वेगळा आहे. या पाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या पोट भरणाऱ्या गाबीत व इतर मच्छीमारांचे काय? किनाऱ्यावरून साऱ्या वाडीने मिळून ओढायची रापण हे त्यांचे जुने साधन. अभयारण्याला त्यांनी सुरुवातीपासून विरोध केला. लगेच शहरी मंडळींनी त्यांच्यावर 'निसर्गविरोधी' असा शिक्का मारला. शिक्का मारणे सोपे असते, कायदा वाचणे कठीण!

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ काय सांगतो? कलम १८ ते २५ मध्ये लोकांचे हक्क तपासण्याची रीत दिली आहे. जिल्हाधिकाऱ्याने स्थानिक भाषेत जाहीरनामा काढायचा, दावे मागवायचे, चौकशी करायची. पण ही रचना मुख्यतः जमिनीचा सातबारा डोळ्यांपुढे ठेवून केलेली. समुद्राला सातबारा कुठून आणणार? म्हणून १९९१ च्या दुरुस्तीने कलम २६-अ आले. सागरी हद्दीतील क्षेत्र अभयारण्यात घेताना केंद्राची पूर्वसंमती हवी आणि स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाच्या हितरक्षणाची पुरेशी उपाययोजना करूनच सीमा ठरवावी, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. मालवणची अधिसूचना मात्र त्याच्या चार वर्षे आधीची! जे संरक्षण १९९१ नंतरच्या मच्छीमाराला मिळते, ते मालवणच्या मच्छीमाराला केवळ तारखेमुळे नाकारायचे काय? उपजीविका हा अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये मुंबईच्या पदपथवासीयांच्या खटल्यात सांगून ठेवले आहे.

आता समुद्र खरोखर कोण ओरबाडतो ते पाहा. पर्ससीन जाळी मोठ्या थव्यांना एकदम घेरतात. २०१६ मध्ये राज्याने त्यांच्यावर निर्बंध घातले. २०१७ मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी आणली. तरी पारंपरिक मच्छीमारांची तक्रार संपलेली नाही. दुसरीकडे पर्यटनाच्या नावाखाली होड्यांचे नांगर आणि हौशी पाय प्रवाळांवर पडतात. भांडवल असलेल्याला सवलत आणि छोट्या होडीला कायद्याचा धाक, हे संरक्षण नव्हे. ही निव्वळ वर्गवारी आहे.

लोकांना सोबत घेतले की काय होते, याचे दाखले महाराष्ट्रातच आहेत. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे ग्रामस्थच कासवांची घरटी राखतात. संरक्षित प्राणी सुटावा म्हणून जाळे कापणाऱ्या मच्छीमाराला राज्य शासन २०१८ पासून २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देते. म्हणजे शत्रू न मानता मच्छीमाराला भागीदार करता येते!

पण निर्णयाच्या टेबलाशी त्याला जागा आहे काय? कलम ३३-ब प्रमाणे अभयारण्याच्या सल्लागार समितीत आमदार, पंचायत राज संस्थांचे तीन प्रतिनिधी, स्वयंसेवी संस्था, वन्यजीवप्रेमी आहेत. मच्छीमारासाठी मात्र नावाने एकही जागा नाही. ज्याचा प्रश्न त्यालाच आवाज नाही, हे आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको.

म्हणून मागण्या साध्या आहेत. मालवणच्या मच्छीमारांचे दावे जिल्हाधिकाऱ्यांनी नव्याने ऐकावेत. रापणीसारख्या पारंपरिक मासेमारीचे हक्क लेखी नोंदवावेत. गाभा क्षेत्राची हद्द समुद्रात तरंगत्या खुणांनी दाखवावी, तेथे पर्यटन होड्यांच्या नांगरांना मनाई करावी. गस्तीची नौका आधी पर्ससीन आणि एलईडीवाल्यांमागे धावावी. आणि समितीत मच्छीमार स्त्री-पुरुषांना हक्काची जागा द्यावी. प्रवाळ वाचलेच पाहिजेत. ते वाचवण्याची किंमत एकट्या गरिबानेच मोजायची, हे मात्र कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही.