मुका अवयव

मराठीत काळीज तुटते, आतडे पिळवटते, पित्त खवळते. डोळे, पोट, पाठ यांच्या भोवती तर वाक्प्रचारांची दाटी आहे. मूत्रपिंडाच्या वाट्याला मात्र काहीच आलेले नाही. त्याची आठवण होते ती मटणाच्या दुकानात, ‘गुर्दा’ म्हणून. भाषेने उपेक्षिलेला हा अवयव स्वतःही मुकाच असतो. मधुमेह आणि उच्च रक्तदाब त्याला वर्षानुवर्षे पोखरतात. सांधेदुखीसाठी मनाने घेतलेल्या गोळ्या त्यात भर घालतात. बरीचशी शक्ती संपेपर्यंत तो तक्रार करीत नाही. रक्तातील क्रिएटिनिन आणि लघवीतील प्रथिने यांची साधी तपासणी हे मौन वेळीच फोडू शकते. पण दुखत नसताना तपासणी करण्याची आपली रीत नाही.

माझ्या वडिलांच्या पिढीच्या कानावर ‘डायालिसिस’ हा शब्द पडला तो जयप्रकाश नारायण यांच्यामुळे. आणीबाणीतील स्थानबद्धतेनंतर, नोव्हेंबर १९७५ मध्ये ते मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आले ते निकामी मूत्रपिंडे घेऊनच. ८ ऑक्टोबर १९७९ रोजी निधन होईपर्यंत यंत्राची साथ सुटली नाही. त्या यंत्रासाठी सामान्य माणसांनी रुपया-रुपया वर्गणी दिली होती. आपला समाज कृपण नाही, हे त्यातून दिसते. पण वर्गणीने यंत्र मिळते, मूत्रपिंड मिळत नाही.

आमच्या हिमायतनगरातून नांदेड गाठणाऱ्या शेतमजुराचा हिशेब मांडून पाहावा. साधारणतः आठवड्यातून तीनदा डायालिसिस, दर वेळी सुमारे चार तास, शिवाय जाण्यायेण्याचा वेळ. उपचार मोफत मिळाले तरी बुडालेली मजुरी कोण देणार? प्रत्यारोपण हाच खरा सुटकेचा मार्ग. आणि तेथे घरातील स्त्री पुढे केली जाते. आपल्या देशात जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत स्त्रियांची संख्या फार मोठी आहे, घेणाऱ्यांत पुरुषांची. आईने किंवा पत्नीने दिलेल्या मूत्रपिंडाला आपण ‘दान’देखील म्हणत नाही, ते तिचे कर्तव्य ठरते. तिला नकाराचे स्वातंत्र्य खरोखर होते का, हा प्रश्न कोणी विचारीत नाही.

म्हणूनच मरणोत्तर अवयवदान हा मला केवळ पुण्याचा नव्हे, न्यायाचा प्रश्न वाटतो. मेंदूमृत व्यक्तीच्या एका शरीरातून दोघांना मूत्रपिंडे मिळू शकतात, आणि तितक्याच घरांतील स्त्रियांवरचे दडपण उतरते. १९९४ च्या कायद्याने मेंदूमृत्यूला मान्यता दिली. डॉक्टरांचे मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करते. तरीही २०२३ साली एवढ्या मोठ्या देशात असे दाते सुमारे अकराशेच निघाले.

देहाची विटंबना होते, पुढच्या जन्मी तो अवयव नसतो, असे म्हटले जाते. अस्थी देणाऱ्या दधीचीची कथा आपण भक्तिभावाने ऐकतो. त्याचा पुढचा जन्म अधुरा राहिला असेल, अशी चिंता मात्र कोणी करीत नाही.

प्रतिज्ञापत्र भरणे चांगलेच. पण ऐनवेळी संमती मागितली जाते ती नातेवाइकांकडे. मृत्यूचा विषय निघताच ‘अभद्र बोलू नये’ म्हणून आपण तोंड मिटतो, आणि आपली इच्छा त्यांना ठाऊकच नसते. मूत्रपिंड मुके आहे, हे निसर्गाचे देणे. आपण तरी बोलावे. आज रात्री जेवताना, घरच्यांसमोर, एवढे एक वाक्य पुरेसे आहे: माझ्या मागे माझे अवयव द्या.