मिठाच्या रस्त्यावरची लेगसी

जुन्या गाड्या दुरुस्त करणाऱ्यांत दोन पंथ आहेत. एक पंथ गाडी कारखान्यातून निघाली त्या दिवशी होती तशी करतो, तिच्यावर कापड घालतो आणि वर्षातून एखाददुसऱ्या मेळाव्याला बाहेर काढतो. दुसरा पंथ तिला पुन्हा कामाला जुंपतो. मी दुसऱ्या पंथाचा. चारही चाकांना जोर देणाऱ्या जुन्या जपानी स्टेशन वॅगनबद्दल तर माझं मत ठाम आहे. ही गाडी कापडाखाली ठेवण्यासाठी दुरुस्त करणं म्हणजे तिच्यावर अन्याय आहे, कारण ती जन्मालाच राबण्यासाठी आली.

तिची जन्मकथा तोहोकूतली, म्हणजे जपानच्या होन्शू बेटाच्या ईशान्य टोकाकडची. तिथल्या डोंगराळ भागांत हिवाळ्यात माणूस बुडेल एवढं बर्फ साचतं, आणि डोंगरांतून गेलेल्या विजेच्या तारांची पाहणी काही थंडी संपेपर्यंत थांबत नाही. तोहोकू इलेक्ट्रिक पॉवर या वीज कंपनीची माणसं त्यासाठी जीप वापरत. जीप बर्फातून वाट काढायची, पण आत बसलेला माणूस गारठायचा, आणि एरवीच्या रस्त्यावर तिचा प्रवास अंग मोडणारा होता. कंपनीला हवी होती साधी, बंदिस्त, उबदार गाडी, फक्त बर्फात न अडणारी. ही मागणी मियागी प्रांतातल्या सुबारू विक्रेत्याकडे गेली. तिथल्या वर्कशॉपमधल्या लोकांनी पुढच्या चाकांवर चालणारी सुबारू घेतली, निसानच्या ब्लूबर्ड गाडीचा मागचा डिफरन्शियल तिला बसवला आणि मागच्या चाकांनाही जोर पोचवला.

हे जमलं त्याचं कारण सुबारूच्या मूळ रचनेत आहे. तिचं इंजिन आडवं झोपलेलं. दोन सिलिंडर डावीकडे, दोन उजवीकडे. त्याच्या मागे गिअरबॉक्स गाडीच्या लांबीला सरळ धरून. त्या काळच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत इंजिन आणि गिअरबॉक्स रुंदीच्या दिशेने बसवलेले असत. तिथून मागे शाफ्ट न्यायचा तर जोर काटकोनात वळवावा लागतो. सुबारूत गिअरबॉक्सच्या शेपटापासून सरळ रेषेत शाफ्ट मागे नेता येत होता. वर्कशॉपमधल्या त्या प्रयोगाची दखल मूळ कंपनीने, म्हणजे फुजी हेवी इंडस्ट्रीजने, घेतली. १९७१च्या टोकियो मोटर शोमध्ये १३००जी व्हॅनची चारचाकी जोराची आवृत्ती लोकांसमोर आली आणि सप्टेंबर १९७२ मध्ये तीच सोय असलेली सुबारूची लिओने इस्टेट व्हॅन विक्रीला आली. ब्रिटनच्या जेन्सन एफएफने १९६६ मध्येच चारही चाकांना जोर दिला होता, पण ती श्रीमंतांची गाडी होती आणि जेमतेम ३२० बनल्या. सामान्य माणसाच्या अंगणात ही सोय पोचवली ती लिओनेने.

अमेरिकेत ती १९७५च्या सुमारास आली, आणि मी राहतो त्या व्हरमाँटसारख्या राज्यांनी तिला उचलून धरलं. इथले निम्म्याहून अधिक रस्ते आजही खडी-मातीचे आहेत. हिवाळ्यात बर्फ, आणि मार्च-एप्रिलमध्ये बर्फ वितळलं की चाकाच्या आसापर्यंत चिखल. शाळेतली बाई, गुरांचा डॉक्टर, रात्रपाळीची परिचारिका अशा माणसांना ट्रक परवडत नव्हता आणि नकोही होता. त्यांना वॅगन मिळाली. टोयोटाची टर्सेल, होंडाची सिव्हिक वॅगन, निसानची स्टँझा यांनीही ऐंशीच्या दशकात हीच वाट धरली. टर्सेलला तर चढावर आणि चिखलात वापरायला नेहमीच्या पाच गिअरांशिवाय एक जास्तीचा मंद गिअर होता. ‘ब्रेकिंग बॅड’ पाहिलेल्यांना जेसीची लाल टर्सेल आठवत असेल. ती याच घराण्यातली.

माझी गाडी १९९२ची लेगसी वॅगन. २.२ लिटरचं इंजिन, हाताने बदलायचे पाच गिअर. लेगसी १९८९ मध्ये आली, आणि येतानाच सुबारूने तिची परीक्षा जगासमोर घेतली. त्या जानेवारीत अ‍ॅरिझोनाच्या चाचणी मैदानावर टर्बो लेगसी सेडान रात्रंदिवस पळवल्या गेल्या आणि एक लाख किलोमीटर ताशी सरासरी २२३ किलोमीटरहून अधिक वेगाने पुरे झाले. माझ्या वॅगनमध्ये टर्बो नाही, पण इंजिनाचं घराणं तेच. म्हणून हे इंजिन घाबरवत नाही. त्याचा टायमिंग बेल्ट साधारण ९६,००० किलोमीटरला बदलायचा असतो. समजा तो तुटलाच, तर गाडी जागेवर थांबते, पण पिस्टन वाल्ववर आदळून इंजिन फुटत नाही. त्या वर्षांच्या २.२ लिटर इंजिनात दोघांमध्ये अंतर ठेवलेलं आहे. मी बेल्टबरोबर वॉटर पंप, बेल्टच्या पुल्या, क्रँक आणि कॅमची सील हे सगळं एकदम बदलून घेतलं. पुढचा भाग उघडलाच आहे तर स्वस्त सुटा भाग जुना ठेवण्यात काही अर्थ नसतो.

खरी लढाई इंजिनाशी नाहीच. ती मिठाशी आहे. इथे हिवाळाभर रस्त्यावर मीठ पसरतात, बर्फ वितळावं म्हणून. ते खारं पाणी चाकांमागून उडतं, पत्र्याच्या घडीत शिरतं आणि तिथेच राहतं. गंज बाहेरून आत जातो असा लोकांचा समज असतो. वॅगनमध्ये तो आतून बाहेर येतो. रंगावर पहिला फोड दिसतो तेव्हा मागचा पत्रा कागदाएवढा उरलेला असतो. मागच्या चाकांच्या कमानी, दरवाजांखालची पोकळ पट्टी, मागचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर वर जिथे टेकतात ते बुरूज, या तीन जागा मी कोणतीही जुनी वॅगन बघताना आधी बघतो. चौथी जागा लपलेली असते. पेट्रोल भरायच्या तोंडापासून टाकीकडे जाणारी नळी मागच्या उजव्या चाकाच्या वरून जाते. तिच्यावरच्या प्लास्टिकच्या झाकणामागे खारा चिखल साठतो आणि नळी कुजते. गाडीजवळ उभं राहिल्यावर पेट्रोलचा वास आला तर झाकण काढून बघावंच.

आमच्या राज्याच्या तपासणीत तळाचं भोक चालत नाही, आणि ते योग्यच आहे. बाजारात भोकावर फायबरची जाळी चिकटवून, पुट्टी फिरवून, वर काळा डांबरी थर मारून देणारे भेटतात. त्या थराखाली ओल कोंडते आणि पुढच्या हिवाळ्यात दुप्पट पत्रा जातो. दुरुस्तीचा मार्ग एकच आहे, आणि तो कष्टाचा आहे. चमकता, निरोगी पत्रा दिसेपर्यंत कापत जायचं. मग त्याच जाडीचा नवा तुकडा घडवून बसवायचा. वेल्डिंग एका दमात ओढायचं नाही. थोड्या थोड्या अंतरावर ठिपके द्यायचे, पत्रा गार होऊ द्यायचा, मग मधले ठिपके. नाहीतर पत्रा तापून वाकतो. टाकीजवळ काम असेल तर आधी टाकी उतरवायची, इथे धाडस दाखवायचं नाही. सांध्यावर सीलर, पोकळ्यांत आतून मेण, आणि दरवर्षी थंडी पडण्यापूर्वी तळाला मेंढीच्या लोकरीतून निघणाऱ्या तेलाचा फवारा. हे तेल वाळून कडक होत नाही, ओलं राहतं, आणि ओरखडा पडला तरी सरकून तो झाकतं. ब्रेकच्या पोलादी नळ्या मी काढून टाकल्या आणि तांबं-निकेलच्या मिश्रधातूच्या नळ्या टाकल्या. त्या हाताने वाकवता येतात आणि त्यांना तसा गंज लागत नाही.

छताचा रंग मात्र उडालेला आहे तसाच ठेवला. डॅशबोर्डवरची चीर आहे. मागच्या सीटचं कापड विटलंय. रोज वापरायच्या गाडीत पैसा आणि वेळ कुठे घालायचा याचा क्रम मला स्पष्ट दिसतो: आधी थांबणं, मग वळणं, मग पत्र्याचा सांगाडा, मग इंजिन, आणि सगळ्यात शेवटी देखणेपणा. मेळाव्यातल्या गाड्यांत हा क्रम नेमका उलटा झालेला मी पाहिला आहे. आरशासारखा रंग, आणि ब्रेकचे रबरी पाइप मात्र गाडीच्याच वयाचे. ज्या गाडीने भर गर्दीत ब्रेक मारायचाच नाही, तिच्यात हे खपून जातं. रोज शाळेच्या दारात उभ्या राहणाऱ्या गाडीत खपत नाही.

टायरचा मुद्दा वेगळा सांगायला हवा, कारण नवखे मालक इथेच गिअरबॉक्सचं वाटोळं करतात. माझ्या लेगसीत पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये एक मधला डिफरन्शियल आहे, आणि त्यात दाट सिलिकॉन तेलात बुडालेल्या तबकड्यांचा कपलिंग. पुढची चाकं घसरून जास्त फिरू लागली की तेल ढवळून तापतं, फुगतं, तबकड्यांना जखडतं आणि जोर मागे पाठवतं. आता चारपैकी एकच टायर नवा घातला, तर त्याचा घेर झिजलेल्या तिघांपेक्षा मोठा असतो. बर्फ नसताना, सरळ कोरड्या रस्त्यावरही पुढच्या-मागच्या वेगात फरक पडत राहतो, तेल कायम तापतं आणि कपलिंग निकामी होतो. मग पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवलं की गाडी अडखळते, उड्या मारते. घेरातला फरक पाव इंचाच्या, म्हणजे सुमारे सहा मिलिमीटरच्या आत ठेवा, असा दंडक आहे. म्हणून चारही टायर एकदम बदलायचे आणि ठरल्या वेळी त्यांच्या जागा फिरवत राहायचं. पंक्चर झाल्यावर ‘एकच घेऊ या’ म्हणणं इथे महागात पडतं.

अशी गाडी रोज चालवण्यात काय मिळतं? काचा मोठ्या, खांब बारीक. चौकात उभं राहिलं की चारी दिशा दिसतात. हीटरचं बटण हातमोज्याने फिरवता येतं. मागची सीट पाडली की लाकडाचे ओंडके, सायकल, लेकीचं मोठं वाद्य सगळं मावतं. आणि गाडीचा आवाज ओळखीचा होतो. पुढच्या चाकाचं बेअरिंग घरघरू लागलं किंवा शाफ्टचा रबरी बूट फाटून ग्रीस उडायला लागलं, की ते आठवडाभरात कळतं, कारण गाडी आठवडाभर हाताखाली असते. उभ्या गाडीत हेच दोष वर्षभर झोपून राहतात. सील सुकतात, ब्रेक धरतात, पेट्रोल शिळं होतं. वापर हीच अर्धी देखभाल आहे.

एक बाजू मी कमी लेखत नाही. अपघातात आजची गाडी माझ्या लेगसीपेक्षा खूप चांगलं संरक्षण देते. बाजूच्या पडद्यासारख्या एअरबॅग, घसरताना प्रत्येक चाकाचा ब्रेक आपोआप सांभाळणारी यंत्रणा, यातलं काहीच तिच्यात नाही. म्हणून मोठ्या महामार्गावरच्या रात्रीच्या लांब प्रवासाला आम्ही घरातली नवी गाडी काढतो. गावातलं आणि आसपासचं काम वॅगनचं. धुराबद्दलचा आक्षेप मला तेवढा पटत नाही. १९९२च्या या गाडीत इंजेक्शन आहे, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आहे, ऑक्सिजन सेन्सर आहे. ते नीट ठेवले तर धूर मोजणाऱ्या यंत्रापुढे तिला लपायचं कारण नाही. आणि नवी गाडी घडवायला लागणारं पोलाद, वीज, खनिज हा हिशेब जुनी मोडीत काढताना कुणी मांडत नाही.

आता महाराष्ट्राकडे वळतो, कारण हा स्तंभ तिथे वाचला जातो. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. त्याचं शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० झालं. पन्नास वर्षांपुढच्या गाडीला व्हिंटेज म्हणून मानाची वेगळी पाटी मिळू शकते, पण मग ती रोज वापरता येत नाही. दिल्लीत तर वयावरूनच गाडी रस्त्यावरून हटवण्याचे आदेश निघाले. जपानही याला अपवाद नाही; तिथे तेरा वर्षांपुढच्या पेट्रोल गाडीवर वाढीव कर आहे. या सगळ्यामागची समजूत एकच आहे: जुनी गाडी एकतर भंगारात जावी, नाहीतर प्रदर्शनात. जुनी, धडधाकट आणि रोज कामाला जाणारी गाडी या नियमांच्या डोळ्यांना दिसतच नाही.

माझं म्हणणं असं की गाडीचं वय विचारूच नका, तिला यंत्रावर चढवा. ब्रेक चारही चाकांवर सारखा लागतो का, धूर किती, तळाचा पत्रा शाबूत आहे का, स्टिअरिंगला खेळ किती, एवढं मोजा. नापास झाली तर पाच वर्षांची गाडीही थांबवा. पास झाली तर पंचवीस वर्षांची गाडी साध्या शुल्कात सोडा. स्वयंचलित तपासणी केंद्रं देशात उभी राहत आहेत. मोजायची सोय आली असताना जन्मतारखेवर निकाल देण्याचं कारण उरत नाही.

शेवरोलेच्या नावाने काही वर्षं भारतात विकलेली फॉरेस्टर ही याच सुबारूची. ती, किंवा जुनी जिप्सी, क्वालिस कुणाकडे असेल, विशेषतः रत्नागिरी, मालवण, अलिबागच्या खाऱ्या हवेत, तर त्यांना एक विनंती. पावसाळा संपला की दसऱ्याच्या आत गाडी लिफ्टवर घ्या. तळ गोड्या पाण्याने भरपूर धुवा. दरवाजांच्या आणि खालच्या पट्टीच्या कडेला पाणी निघून जायची छोटी भोकं असतात. ती मातीने बुजलेली असतील तर तारेने मोकळी करा, दोन दिवस उन्हात वाळू द्या आणि मगच आत मेण किंवा तेल मारा. पत्रा वाचला तर बाकीचं सगळं दुरुस्त होतं.