आधी ऐकून घ्या

मागच्या महिन्यात ताजबागच्या बाजूला राहणाऱ्या एका वाचकांचा फोन आला. वय झालेले गृहस्थ, बोलणे अदबीचे. सलाम-दुआ झाल्यावर त्यांनी सरळ विचारले, "जनाब, तुम्ही या पानावर स्वतःला उदारमतवादी म्हणवता. मला एवढेच सांगा, हे आपल्यासारख्यांना परवडते का? ज्यांची संख्या मोठी, ज्यांच्या हाती सत्ता, त्यांनी उदार व्हावे. आपण कसले उदार होणार? आपण आधी आपले घर सांभाळावे."

फोनवर आम्ही काहीबाही उत्तर दिले. फोन ठेवल्यावर ते आमचे आम्हालाच पटले नाही. प्रश्न खरा आहे आणि तो एकट्या त्या बुजुर्गांचा नाही. जुम्याच्या नमाजीनंतर मशिदीबाहेर, लग्नाच्या जेवणात, चहाच्या टपरीवर आम्ही तो अनेकदा ऐकला आहे. म्हणून या महिन्याचे पान त्याच प्रश्नासाठी.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. 'उदार' म्हटले की सैल हाताने देणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. म्हणजे देणारा मोठा आणि घेणारा लहान. त्या अर्थाने पाहिले तर फोनवरच्या बुजुर्गांचे म्हणणे बरोबर आहे. पण उदारमतवाद म्हणजे खैरात नव्हे. आमच्यापुरता त्याचा अर्थ दोन गोष्टींत मावतो. पहिली, कोणाचीही बाजू ऐकून घेतल्याशिवाय त्याला दोषी ठरवायचे नाही, आणि शिक्षा द्यायची ती ज्याने गुन्हा केला त्यालाच, कायद्याच्या वाटेने. दुसरी, माणसाचे मूळ हक्क हात वर करून मोजायचे नसतात. बाकी सगळे यातूनच निघते.

आता आपल्या शहराकडे पाहू. १७ मार्च २०२५ ची रात्र नागपूरकर विसरणार नाहीत. रमजानचा महिना होता. महाल भागात औरंगजेबाच्या कबरीच्या विरोधात निदर्शने झाली आणि तिथे जाळलेल्या चादरीवर पवित्र मजकूर होता अशी अफवा पसरली. संध्याकाळपर्यंत दगड सुटले, गाड्या जळल्या, पोलीस जखमी झाले. अकरा पोलीस ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली. जखमी झालेला एक माणूस पुढे रुग्णालयात वारला. तो आपल्यातलाच होता.

इथे आधी आपल्या पदरात पाहायला हवे. सूरह हुजुरातच्या सहाव्या आयतीची शिकवण आपल्या मुलांना मदरशात पाठ असते. भरवसा नसलेल्या माणसाने बातमी आणली तर आधी खातरजमा करा, नाहीतर नकळत कोणाचे तरी नुकसान कराल आणि मग पस्तावाल, असा तिचा आशय आहे. त्या संध्याकाळी मोबाइलवरचा एक संदेश पुढे पाठवताना किती जणांना ही आयत आठवली? ज्यांनी दगड उचलला त्यांनी ना बातमी तपासली, ना समोर कोण आहे ते पाहिले. ज्याची गाडी जळली त्याने कोणाचे काय बिघडवले होते? दगड मारणाऱ्याला शिक्षा व्हावी, त्याचे नाव काहीही असो. हे म्हणायला आम्ही कचरत नाही.

पण शिक्षा कोणी द्यायची आणि कशी? २४ मार्चला महापालिकेने एका आरोपीचे घर पाडले. आरोपी तेव्हा अटकेत होता. त्याच्यावरचा आरोप सिद्ध व्हायचा होता. छप्पर गेले ते त्याच्या घरच्यांचे. त्याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने पाडकामाला स्थगिती दिली आणि सुनावणीची संधी का दिली नाही, यावर बोट ठेवले. पहिले घर तोवर पडले होते. दुसऱ्या एका घराचे पाडकाम अर्ध्यावर थांबले.

खंडपीठाने हा आदेश हवेतून काढलेला नव्हता. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नावर निकाल दिला होता. कोणी आरोपी आहे, एवढेच काय, गुन्हेगार ठरला आहे, म्हणूनही त्याचे घर पाडता येणार नाही. बांधकाम बेकायदा असेल तर किमान १५ दिवसांची नोटीस द्यायची आणि मालकाचे म्हणणे ऐकून घ्यायचे. हे मोडणाऱ्या अधिकाऱ्याला भरपाई स्वतःच्या खिशातून द्यावी लागेल. हा निकाल देणाऱ्या पीठावर न्या. भूषण गवई होते. ते अमरावतीचे, आणि त्यांची वकिली बहरली ती नागपुरात. पुढे एप्रिलमध्ये महापालिका आयुक्तांनी उच्च न्यायालयात बिनशर्त माफी मागितली.

माफीने भिंत उभी राहत नाही हे आम्हालाही कळते. तरीही विचार करा, त्या दिवशी दुसरे घर कशाने वाचले? आपल्या संख्येने नाही. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात आपण सुमारे साडेअकरा टक्के आहोत. मोर्चाने नाही, कोणा पुढाऱ्याच्या फोनने नाही. 'आधी ऐकून घ्या' या एका नियमाने वाचले. ज्याच्यामागे गर्दी आहे त्याला या नियमाची गरज नसते. त्याचे काम गर्दी करते. ज्याच्यामागे गर्दी नाही त्याच्याकडे नियमाशिवाय दुसरे काय असते? म्हणून उदारमतवाद आपल्याला परवडतो का, या प्रश्नाला आमचे पहिले उत्तर असे, की तो सोडणे आपल्यालाच सर्वांत महाग पडेल.

ही गोष्ट नागपुरातल्या एका माणसाने फार पूर्वी ओळखली होती. न्या. मोहम्मद हिदायतुल्ला यांचे नाव आपल्या घरांत जितके घेतले जायला हवे तितके घेतले जात नाही. जन्म १९०५ चा, लखनौचा. शाळा रायपूरला आणि कॉलेज इथले, मॉरिस कॉलेज. पुढे इंग्लंडमध्ये शिकून १९३० मध्ये ते नागपुरात वकिली करू लागले, इथल्या विधी महाविद्यालयात त्यांनी शिकवले, १९४६ मध्ये नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायाधीश आणि १९५४ मध्ये मुख्य न्यायाधीश झाले. १९६८ मध्ये ते भारताचे सरन्यायाधीश झाले. त्या खुर्चीवर बसलेले ते पहिले मुसलमान. १९६९ मध्ये महिनाभर त्यांनी राष्ट्रपतिपदाचा कार्यभार सांभाळला आणि पुढे ते उपराष्ट्रपतीही झाले.

पण पदांच्या यादीसाठी आम्ही त्यांची आठवण काढलेली नाही. १९६७ मध्ये गोलकनाथ खटला अकरा न्यायाधीशांपुढे आला. प्रश्न होता, संसदेत पुरेसे बहुमत असेल तर घटना दुरुस्त करून मूलभूत हक्क काढून घेता येतात का? निकाल सहा विरुद्ध पाच असा लागला. नाही म्हणणाऱ्या सहांत हिदायतुल्ला होते आणि त्यांनी आपले निकालपत्र वेगळे लिहिले. मूलभूत हक्क बहुमताच्या हातचे खेळणे होऊ नयेत ही शंका त्यांनी आधीच्या एका खटल्यातही बोलून दाखवली होती. १९७३ च्या केशवानंद भारती खटल्यात गोलकनाथचा निकाल जसाच्या तसा टिकला नाही, पण घटनेच्या मूळ चौकटीला संसदही धक्का लावू शकत नाही हे तत्त्व तेव्हापासून रुजले. आज आपण आपल्या मशिदीत नमाज पढतो, आपली शाळा चालवतो, त्यासाठी दर पाच वर्षांनी कोणाची मेहरबानी मागत नाही. त्यामागे ही भिंत आहे.

हिदायतुल्लांचे सगळेच आम्हाला पटते असे नाही. १९६४ मध्ये एका इंग्रजी कादंबरीची प्रत विकल्याबद्दल मुंबईच्या पुस्तकविक्रेत्याला झालेली शिक्षा कायम करणारा निकाल त्यांनीच लिहिला. पुस्तक नापसंत असेल तर वाचू नये, त्याला पुस्तकाने उत्तर द्यावे, विकणाऱ्याला शिक्षा करू नये, असे आमचे मत. ज्याला मानतो त्याच्याशीही असहमत होता येणे, हाही या विचाराचा भाग आहे.

इथपर्यंतचे वाचून बहुतेक वाचक मान डोलावतील. सरकारने आपले ऐकावे, हे कोणाला नको आहे? अडचण पुढे आहे. जो नियम आपण महापालिकेला लावतो तो आपल्या उंबऱ्याच्या आत लावायचा की नाही?

१८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंच्या पुढाकाराने सात मुस्लिम महिलांनी मुंबईत मोर्चा काढला. एका दमात दिलेल्या तलाकविरुद्ध आणि बहुपत्नीत्वाविरुद्ध त्यांना बोलायचे होते. दलवाईंची अनेक मते आम्हाला पटत नाहीत आणि या मासिकाच्या बहुतेक वाचकांनाही पटणार नाहीत. ते बाजूला ठेवू. त्या सात बायका काय मागत होत्या? आमचे ऐकून घ्या, एवढेच. आपण ऐकले नाही. त्या कोणाच्या सांगण्यावरून आल्या याचीच चर्चा केली. ५१ वर्षांनी, २२ ऑगस्ट २०१७ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने एका दमातला तीन तलाक रद्द ठरवला. २०१९ मध्ये सरकारने त्यासाठी नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद करणारा कायदा केला. न्यायालयाचा निकाल आम्हाला मान्य आहे. कैदेचा कायदा मान्य नाही, कारण शब्दाने जे तुटतच नाही त्यासाठी माणसाला तुरुंगात धाडून त्या बाईची चूल पेटत नाही. पण हे म्हणताना आमची मान खाली जाते. घरात ऐकले गेले असते तर त्या बायकांना कोर्टाची पायरी चढावी लागली नसती.

दुसऱ्यांना शिकवणे सोपे असते, म्हणून आता स्वतःचे सांगतो. आमची आपा कामठीला असते. तिची थोरली मुलगी चोवीस वर्षांची, नागपुरात एका खासगी शाळेत शिकवायची. नात्यातल्या एकाने तिला फुटाळा तलावावर एका मुलासोबत पाहिले. दुसऱ्या दिवशी घरात बैठक बसली. बैठकीत आम्हीही होतो. अर्ध्या तासात ठरले की नोकरी बंद, येणे-जाणे बंद, आणि लवकरात लवकर स्थळ पाहायचे. मुलगी आतल्या खोलीत होती. तिला बाहेर बोलावून विचारावे, हे एकालाही सुचले नाही. त्याच आठवड्यात आम्ही याच पानासाठी पाडलेल्या घरांवर लिहीत होतो.

पाच आठवड्यांनी आम्ही कामठीला गेलो तेव्हा तिने चहा आणून ठेवला आणि म्हणाली, "मामू, तुमचा लेख वाचला. नोटीस द्यायला हवी, बाजू ऐकायला हवी, सगळे खरे आहे. मला नोटीस कधी मिळाली?"

आम्हाला उत्तर देता आले नाही. मग तिचे ऐकले, पहिल्यांदाच. मुलगा मुसलमानच, पण बिरादरी वेगळी. औषधांच्या दुकानात नोकरी करतो. धाकट्या बहिणीची परीक्षा संपली की ती अम्मीला सगळे सांगणार होती. म्हणजे जे पाहिले गेले ते खोटे नव्हते, पण जे ठरवले गेले ते अन्यायाचे होते. प्रेषितांनी (स.) हजरत अली (रजि.) यांना न्यायनिवाड्यासाठी येमेनला पाठवताना दुसऱ्या पक्षाचे ऐकल्याशिवाय निकाल देऊ नका असे बजावले होते, हे आम्ही भाषणांत सांगत आलो आहोत. निकाहाला मुलीची रजामंदी लागते, हेही सांगत आलो आहोत.

हे स्थळ आम्हाला आजही फारसे पसंत नाही. मुलाची मिळकत बेताची आहे, हे आम्ही तिला सांगितले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "वर्षभर थांबते, पण मर्जी माझी राहील." आम्ही ते मान्य केले. मेहुण्यांनी केले नाही. आमच्याशी त्यांचे बोलणे बंद आहे. आणि तिच्या शाळेने तोवर तिच्या जागी दुसरी बाई घेतली होती. स्थगिती येण्याआधी पहिले घर पडते ते असे.

फोन करणाऱ्या बुजुर्गांना आता उत्तर देतो. जनाब, घर सांभाळा हे तुमचे म्हणणे आम्हाला मंजूर आहे. पण घर सांभाळायचे ते कशाने? ज्या नियमाने आपण महापालिकेला जाब विचारतो तोच नियम आपल्या बैठकीत चालत नसेल, तर उद्या न्यायालयापुढे उभे राहताना आपल्याच आवाजात जोर राहणार नाही. जो मुलगा नमाज चुकवतो, जी सून नोकरी करू म्हणते, जो भाऊ दुसऱ्या पक्षाला मत देतो, त्यांच्याशी वाद घाला, जरूर घाला. फक्त आधी त्यांना समोर बसवा.

तुमच्या घरात असा एखादा निकाल विचारल्याशिवाय लागला असेल तर आम्हाला लिहा. नाव-गाव छापणार नाही. आणि शक्य असेल तर आम्हाला लिहिण्याआधी, ज्याच्यावर तो लागला त्याला आज रात्रीच्या जेवणाला बाजूला बसवून विचारा. आपाच्या घरी आम्ही येत्या रविवारी पुन्हा जाणार आहोत. मेहुणे दार उघडतील अशी आशा आहे, इन्शाअल्लाह. उघडले तर बोलणार नाही, आधी त्यांचे ऐकू. त्यांनाही अजून कोणी विचारलेले नाही.