जुना कॉम्प्युटर सुरू होत नाही? आधी ठेवा सांभाळा, मग यंत्र

घरातला जुना कॉम्प्युटर वर्षातून एक-दोनदाच आठवतो. मुलांचे जुने प्रमाणपत्र छापायचे असते, नाहीतर कुणाच्या निकाहच्या निमित्ताने दहा-बारा वर्षांपूर्वीचे फोटो शोधायचे असतात. पावसाळाभर चादरीखाली झाकलेला तो डबा नेमका त्याच दिवशी बटण दाबूनही गप्प राहतो. दुकानात नेला की "मदरबोर्ड गेलाय, नवीनच घ्या" असे उत्तर मिळते. कधी ते खरेही असते. पण बऱ्याच वेळा बिघाड त्याहून साधा असतो आणि तो घरीच ओळखता येतो. त्यासाठी एक स्क्रू ड्रायव्हर, पांढरे खोडरबर, मऊ ब्रश आणि तासभर वेळ पुरतो.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनात पक्की करू या. यंत्र बंद पडले म्हणजे त्यातले सारे गेले असे नाही. अम्मी-अब्बांच्या हजचे फोटो, जमिनीच्या कागदांच्या प्रती, मरहूम नानांचा रेकॉर्ड केलेला आवाज हे सगळे हार्ड डिस्कवर असते. डिस्क हा वेगळा, सुटा होणारा भाग आहे. बाकी डबा भंगारात गेला तरी डिस्क बहुधा शाबूत असते. म्हणून घाबरून "फॉरमॅट मारून द्या" असे कुणालाही सांगू नका.

वीज पोहोचते का?

आधी बाहेरचे पाहा. त्याच बोर्डावर मोबाइलचा चार्जर लावून पाहा. डब्याच्या मागे वायर लागते तिथे एक छोटा स्विच असतो. साफसफाईत तो बंद झालेला असू शकतो. वायर बदलून पाहा. मॉनिटरची आणि डब्याची वायर बहुधा सारखीच असते, त्यामुळे अदलाबदल करता येते.

तरीही काहीच हालचाल नसेल, तर संशय पॉवर सप्लायवर, म्हणजे दुकानदार ज्याला एसएमपीएस म्हणतात त्यावर घ्यावा. घरातली २३० व्होल्टची वीज तो १२, ५ आणि ३.३ व्होल्टमध्ये बदलतो. जाणत्या माणसाकडून मीटरवर तपासून घ्या. पिवळ्या तारेवर ११.४ ते १२.६ आणि लाल तारेवर ४.७५ ते ५.२५ व्होल्टच्या आत आकडा यायला हवा. मात्र एसएमपीएसची पेटी घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही तिच्या आतल्या कपॅसिटरमध्ये धोकादायक वीज साठून राहू शकते. तो भाग बदलायचा असतो, खोलायचा नसतो.

पंखा फिरतो, पण पडदा काळा

हा प्रकार फार आढळतो. आधी मॉनिटरची केबल दोन्ही टोकांना घट्ट बसवा. डब्यात वेगळे डिस्प्ले कार्ड असेल, तर केबल त्याच कार्डाला लावलेली आहे ना, ते पाहा. मग वायर काढून डबा उघडा. वायर काढल्यावर एकदा चालू करायचे बटण दाबा, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाईल. आत हात घालण्यापूर्वी डब्याच्या पत्र्याला स्पर्श करा. अंगातली स्थिर वीज तिथे उतरते.

धूळ ब्रशने काढा. रॅमच्या दोन्ही बाजूंच्या खिट्या दाबून पट्टी वर काढा. तिच्या सोनेरी कडेवरून खोडरबर हळुवार फिरवा, भुसा झटका आणि खिट्या 'टक्' वाजेपर्यंत पट्टी परत दाबून बसवा. दमट हवेत, विशेषतः कोकणात, या कडेवर थर जमतो आणि तेवढ्याने यंत्र अडते. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहा. प्रोसेसरजवळ चार पिनांची वेगळी वायर असते, तीही सुटलेली नाही ना, पाहा. ती नसेल तर पंखे फिरतात, पण पडदा काळाच राहतो.

येथे एक नियम पाळावा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि मग सुरू करून पाहा. चार गोष्टी एकदम केल्या तर बिघाड कशात होता ते कधीच कळत नाही. हात लावण्यापूर्वी मोबाइलने आतला फोटो काढून ठेवा, म्हणजे वायरी परत जागेवर लावताना शोधाशोध होत नाही.

आवाज काय सांगतो?

जुन्या मदरबोर्डांना बोलायची सवय असते. एक छोटा 'बीप' म्हणजे सहसा सारे ठीक. पुन्हा पुन्हा बीप येत असतील तर बहुधा रॅमची तक्रार. एक लांब आणि दोन छोटे आले तर अनेक बोर्डांवर त्याचा अर्थ डिस्प्लेचा दोष असा असतो. कंपनीप्रमाणे या खुणा बदलतात, म्हणून बोर्डाचे नाव पाहून खात्री करा.

सुरू होऊन चार-पाच सेकंदांत बंद पडत असेल, तर समोरचे बटण आत अडकलेले असू शकते. ते चार सेकंद दाबलेले राहिले की यंत्र बंद होते. काही मिनिटांनी बंद पडत असेल, तर प्रोसेसरचा पंखा धुळीने जाम झालेला असेल किंवा त्याखालची पेस्ट सुकलेली असेल. तारीख दरवेळी मागे जात असेल, तर सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा गोल सेल बदला. तो घड्याळाच्या दुकानातही मिळतो.

बोर्डावरच्या छोट्या नळकांड्यांसारख्या कपॅसिटरांकडेही नजर टाका. त्यांचा माथा सपाट हवा. फुगलेला असेल किंवा तपकिरी द्रव आलेला असेल, तर दोष तिथेच. २००० नंतरच्या काही वर्षांत बनलेल्या अनेक बोर्डांत हा दोष निघाला होता. असे दिसले तर "मदरबोर्ड गेला" हे म्हणणे मान्य करावे.

ठेवा कसा सोडवायचा?

डिस्कमधून 'टक-टक' असा ठेका ऐकू आला तर लगेच बंद करा. पुन्हा पुन्हा सुरू करून पाहिल्याने तिची अवस्था आणखी बिघडते. तिच्यातले फार मोलाचे असेल तर ती माहिती परत मिळवून देणाऱ्या जाणकाराकडेच द्या.

आवाज नसेल, तर डिस्क काढून यूएसबीच्या जोडणीने दुसऱ्या कॉम्प्युटरला लावता येते. मोठ्या, साडेतीन इंची डिस्कला वेगळा अ‍ॅडॅप्टर लागतो, लॅपटॉपची अडीच इंची डिस्क बहुधा यूएसबीवरच चालते. पडद्यावर "फॉरमॅट करायचे का?" असे आले तर 'नाही' म्हणा. फोटो दिसले की आधी दोन ठिकाणी त्यांची प्रत करा, बाकीचे नंतर.

डबा दुकानात न्यायचाच असेल, तर शक्यतो डिस्क घरी काढून ठेवा. वीज आणि पडद्याचे बहुतेक दोष डिस्कशिवायही तपासता येतात. घरातल्या बायका-मुलींचे फोटो, आधार आणि बँकेचे कागद परक्या हातात जाण्याचे कारण नाही. भंगारवाल्याला देतानाही हीच काळजी घ्या.

खर्चाचा हिशेब शेवटी करा. रॅमची सफाई फुकट, सेल थोड्या पैशांत, एसएमपीएस बदलणेही बहुतेकांना झेपते. पण मदरबोर्ड किंवा प्रोसेसरच गेला असेल, तर फार जुन्या यंत्रावर मोठी रक्कम घालू नये. डबा आज ना उद्या थकणारच. त्यातले फोटो आणि आवाज मात्र दुसऱ्यांदा मिळणार नाहीत. घरातला कॉम्प्युटर अजून सुरू होत असेल, तर त्यांची प्रत याच आठवड्यात काढून ठेवा.