ग्रेडिंग नसलेला कोर्स

एनडीएची तीन वर्षं, आयएमएचं एक. मग यंग ऑफिसर्स, महूचा ज्युनियर कमांड, मधेच पार्ट बी आणि पार्ट डीच्या परीक्षा, जमलं तर वेलिंग्टन. फौजेत शिकणं कधी थांबत नाही असं आपण अभिमानाने सांगतो आणि ते खरंही आहे. पण यातल्या प्रत्येक शिकण्याच्या शेवटी एक अक्षर किंवा आकडा असतो आणि तो आपल्या फायलीत जाऊन बसतो. कोर्स करून परतलेल्या मित्राला आपण 'काय शिकलास?' असं विचारत नाही. 'ग्रेडिंग काय आलं?' असंच विचारतो.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे: वर्दीतल्या माणसाने चाळिशीत एक तरी गोष्ट अशी शिकायला घ्यावी, जिला ग्रेडिंग नाही आणि जिथे आपल्या हुद्द्याचा काडीचाही उपयोग नाही. आणि ती निवृत्तीनंतर नव्हे, नोकरीत असतानाच.

माझ्यासाठी ही गोष्ट म्हणजे कीबोर्ड. वाजवायचा. (हे सांगावं लागतं. एका कोर्समेटने गंभीर चेहऱ्याने टायपिंगचा स्पीड विचारला होता.) आपल्या घरांमध्ये ज्याला सरसकट 'कॅसिओ' म्हणतात, तोच. ६१ पट्ट्या, त्यातल्या ३६ पांढऱ्या, २५ काळ्या.

पोस्टिंग शिलाँगला आली नसती तर कदाचित हे सुचलंही नसतं. या गावात संगीत ही खास लोकांची मिरासदारी नाही. लैतुमख्राहच्या चढावर संध्याकाळी चालायला निघालं, की दोन-चार घरांतून गिटार ऐकू येते आणि रविवारी चर्चमध्ये साधी गृहस्थ माणसं चार वेगवेगळ्या आवाजांत एकत्र गातात. त्यामागे इतिहास आहे. १८४१ साली वेल्श मिशनरी थॉमस जोन्स सोहरा, म्हणजे आपल्या भूगोलाच्या पुस्तकातल्या चेरापुंजीला पोहोचला. त्याने खासी भाषेला रोमन लिपी दिली. पुढे त्याच मिशनबरोबर 'टॉनिक सोल-फा' नावाची सोपी स्वरलेखन पद्धत इथे आली. पाच रेघांचं अवघड नोटेशन न शिकता, नुसत्या अक्षरांवरून गाणं वाचता येतं.

या पद्धतीतला 'डो' हलता असतो. जी पट्टी धराल तिथे तो बसतो. माझ्या शिक्षिकेने हे समजावायला सुरुवात केली आणि मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. हा तर आपला सा! आपला गायक आज काळी एकमध्ये गातो, उद्या काळी दोनमध्ये, सा त्याच्याबरोबर जातो. लहानपणी गणपतीच्या आरत्यांना आणि भजनाला जी पेटी कानावर पडली, तिचा हिशोब मेघालयात येऊन लागला.

शिक्षिका विशीतली आहे. बॅचमध्ये सात-आठ वर्षांची पाच मुलं आणि मी. तिथे मला कुणी 'सर' म्हणत नाही. 'अंकल, अंगठा खालून!' असं ती सांगते आणि अंकल अंगठा खालून नेतात. सा ते वरचा सा वाजवताना पांढऱ्या पट्ट्या आठ आणि बोटं पाच. म्हणून तिसऱ्या बोटानंतर अंगठा तळहाताखालून सरकवून चौथ्या पट्टीवर आणायचा असतो. शेजारचा दुसरीतला मुलगा हे बोलता बोलता करतो. माझी अनामिका मात्र मधल्या बोटाला सोडून उठायला तयार नसते. यात वयाचाच दोष आहे असं नाही; त्या बोटांचे स्नायुबंध हाताच्या मागच्या बाजूला एकमेकांशी जोडलेलेच असतात. मुलांचे हात हे लवकर शिकतात, आपले हात वेळ घेतात.

पण मोठ्या माणसाकडे एक गोष्ट असते जी मुलाकडे नसते. सराव कसा करायचा हे त्याला माहीत असतं. आणि फौजीला तर फारच चांगलं माहीत असतं. ड्रिल आपल्याला 'गिनती से' शिकवलं गेलं: हालचालीचे तुकडे पाडा, एकेक तुकडा मोजून करा, मग जोडा. कीबोर्डवर हेच करतात. आधी उजवा हात एकटा, मग डावा एकटा, मग दोन्ही, निम्म्या वेगाने. मेट्रोनोम नावाचं ठोके देणारं यंत्र माझ्यासाठी नवीन नव्हतं. 'तेज चल' म्हणजे मिनिटाला १२० कदम, हा ठोका आपल्या टाचांमध्ये कायमचा बसलेला आहे. बेथोव्हेनच्या नवव्या सिंफनीतली 'ओड टू जॉय'ची चाल नवशिक्यांना पहिल्यांदा देतात, कारण एक स्वर सोडला तर ती शेजारशेजारच्या पाच पट्ट्यांमध्ये मावते. दीड वर्षात मी ती दोन्ही हातांनी ८० पर्यंत आणली आहे. 'तेज चल' अजून दूर आहे.

प्रत्येक स्क्वाडमध्ये एक कॅडेट असतो, ज्याचा डावा पाय आणि डावा हात एकदमच पुढे जातात. आयुष्यभर तो नीट चाललेला असतो. परेड ग्राउंडवर चालण्याकडे लक्ष देतो आणि बिघडतं. दोन हात एकत्र वाजवताना माझं रोज तेच होतं. त्या कॅडेटला आम्ही खूप हसलो होतो. आता तो मला फार जवळचा वाटतो.

याच ठिकाणी मला आपल्या फौजेतला एक जुना शब्द आठवतो. ड्रिल आणि हत्यार शिकवणाऱ्या हवालदाराला, सुभेदाराला आपण काय म्हणतो? उस्ताद. गाणं-बजावणं शिकवणाऱ्यालाही हाच शब्द. उद्या जो आपल्याला सॅल्यूट करणार आहे, त्याच्यासमोर खडकवासल्याच्या ड्रिल स्क्वेअरवर आपण सतरा-अठराव्या वर्षी कान पकडून शिकलो. आपल्या अधिकारीपणाचा पायाच असा घातला गेला: शिकवणारा मोठा, त्याचा हुद्दा काहीही असो. पुढच्या वीस-बावीस वर्षांत हे हळूहळू विसरायला होतं. आपल्याला न येणारी गोष्ट आपण लोकांसमोर करतच नाही. खोलीत शिरलो की माणसं उभी राहतात, आपल्या सामान्य विनोदालाही हसतात. त्यात त्यांचा दोष नाही, व्यवस्थाच तशी आहे. पण तिची सवय लागते.

आणि या सवयीची किंमत निवृत्तीनंतर कळते. कर्नल ५४ व्या वर्षी घरी येतो. जवान तर चाळिशीच्या आसपासच. पुढे निम्मं आयुष्य पडलेलं असतं. सोसायटीच्या बैठकीत, बँकेच्या रांगेत, नव्या नोकरीत कुणी उभं राहत नाही. यात अपमान कुणीच केलेला नसतो, तरी तो रोज वाटतो. माझ्या ओळखीच्या अनेक उत्तम फौजींना मी यात कडवट होताना पाहिलंय. त्यांच्यात कर्तबगारी कमी नव्हती. त्यांना पुन्हा नवशिका होणं जमलं नाही, एवढंच. 'रिटायर झाल्यावर शिकेन' हे म्हणूनच मला पटत नाही. नवशिकेपणा हाही सरावाचाच विषय आहे आणि तो सराव रँक खांद्यावर असतानाच झालेला बरा.

यावर दोन आक्षेप मी ऐकतो. पहिला वेळेचा. फिल्डमध्ये, एखाद्या पोस्टवर हे शक्य नाही, मान्य. पण पीस स्टेशनवर रोज वीस मिनिटं नसतात असं म्हणणारा अधिकारी मला मेसच्या बारपाशी भेटतो. हेडफोन लावला की शेजारच्या क्वार्टरला त्रास नाही, बॅटरीवर चालतो, वजन चार-पाच किलो. काळ्या ट्रंकेत मात्र मावत नाही; कंबलात गुंडाळून न्यावा लागेल.

दुसरा आक्षेप जास्त फौजी आहे: 'याचं पुढे काय?' माझ्या बॅचमधली मुलं लंडनच्या ट्रिनिटीच्या ग्रेड परीक्षेची तयारी करतायत आणि ते योग्यच आहे. त्यांना शिडी हवी. मलाही विचारलं गेलं. मी नाही म्हटलं. शिड्या मी पुष्कळ चढलो. ही एक गोष्ट कुठेच नेत नाही, म्हणूनच ती मला हवी आहे.

ज्यांनी बूट उतरवून ठेवलेत, त्यांनाही हे लागू आहे. कीबोर्डच हवा असं नाही. तबला, पोहणं, मोडी लिपी, सुतारकाम, काहीही चालेल. अट एकच: शिकवणारा वयाने आपल्यापेक्षा लहान असावा आणि त्याने चूक दाखवली की तोंडातून आपोआप 'जी, उस्ताद' निघावं.