लग्नाचा वाढदिवस आणि देवाचा सण

महाशिवरात्रीस अंबरनाथच्या शिवालयाकडे जी रीघ लागते, तीत उल्हासनगरापासून बदलापुरापर्यंतचा सारा पट्टा लोटलेला असतो. या गर्दीत एखादे जोडपे असेही असते, की ज्याचा विवाहदिन त्याच सुमारास येतो आणि ज्याने तो देवाच्या सणाशी जोडून घेतलेला असतो. अशा जोडप्याची गोष्ट निघाली, की आमच्या सुशिक्षित घरांत दोन आक्षेप हटकून ऐकू येतात. वडीलधारी मंडळी म्हणतात, 'लग्नाचे वाढदिवस हे साहेबाचे खूळ. ते देवाच्या दारी कशाला न्यावे?' तरुण मंडळी म्हणतात, 'आमचा दिवस आमचा. त्यात पंचांगाची आणि उपासतापासांची लुडबूड कशाला हवी?' एरवी या दोन पक्षांचे एका गोष्टीवर एकमत होणे कठीण. परंतु सण आणि संसार यांची सोयरीक होऊ नये, एवढ्यापुरते त्यांचे मेतकूट जमले आहे. आमचे मत या दोघांच्याही उलट आहे. घरातल्या माणसांच्या आयुष्याशी संबंध राहिल्यावाचून सण जिवंत राहत नाही, आणि तो संबंध जोडण्यास विवाहदिनासारखे दुसरे निमित्त नाही, असे आमचे म्हणणे आहे. मात्र त्यास एक अट आहे. ती यथास्थळी सांगू.

प्रथम वडीलधाऱ्यांचा आक्षेप घेऊ. लग्नाचा वाढदिवस साहेबाने आणला, हे म्हणणे केकापुरते आणि मेणबत्त्यांपुरते खरे आहे. त्यापलीकडे ते टिकत नाही. सातारा जिल्ह्यात शिखर शिंगणापुरास दर चैत्र शुद्ध अष्टमीस शंभुमहादेवाचे लग्न लागते. पंढरपुरास दर वसंत पंचमीस विठ्ठल-रुक्मिणीचे लग्न लागते. कार्तिकात तर घरोघरच्या तुळशीचे लग्न लावून आपण ऊस, चिंचा आणि आवळे वाटतो. जे लग्न एकदा लागले, ते पुन्हा दर वर्षी त्याच तिथीस लावणे, याला वाढदिवस म्हणावयाचे नाही तर काय म्हणावयाचे? देवांच्या लग्नाचे वाढदिवस शतकानुशतके साजरे करणाऱ्या समाजाने, माणसांच्या लग्नाची आठवण काढणे परधार्जिणे आहे असे म्हणावे, हे नवल होय.

माणसांच्या लग्नाचीही आठवण आपल्या सणांनी पूर्वीपासून ठेविलेली आहे. नव्या नवरीची पहिली संक्रांत हलव्याच्या दागिन्यांनी साजरी होते. जावयाचा पहिला दिवाळसण सासऱ्याच्या लक्षात राहतो तो बहुधा जन्मभर. श्रावणातली मंगळागौर लग्नानंतर पाच वर्षे पूजावयाची, म्हणजे लग्नास किती वर्षे झाली याचा हिशेब खुद्द व्रतातच घातलेला आहे. दर तिसऱ्या वर्षी येणारा धोंड्याचा महिना जावयाच्या ताटात तेहतीस अनारसे वाढतो. दिवाळीच्या पाडव्यास पत्नी पतीस ओवाळते आणि तो ओवाळणी घालतो. हा साऱ्या दांपत्यांचा सामुदायिक विवाहदिनच नव्हे काय? सार्वजनिक सणास घरगुती अर्थ जोडणे हे भ्रष्टाचरण असेल, तर तो भ्रष्टाचार आपल्या आज्या-पणज्यांनी केलेला आहे, आणि त्याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत.

आता तरुण पक्षाकडे वळू. त्यांच्या म्हणण्यात एक अंश खरा आहे आणि तो आम्ही मोकळेपणे मान्य करतो. तिथी आणि तारीख यांचे जमत नाही. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे. ते सौरवर्षास अकरा दिवसांनी तोकडे पडते, आणि अधिक महिना घालून ही तूट भरून काढावी लागते. २३५ चांद्रमास म्हणजे जवळजवळ बरोबर एकोणीस सौरवर्षे. म्हणून एखादी तिथी आपल्या जुन्या तारखेस बहुधा एकोणीस वर्षांनी परत येते. समजा, एखाद्या दांपत्याचा विवाह २६ फेब्रुवारीस झालेला आहे. २००६ साली महाशिवरात्र २६ फेब्रुवारीस होती, आणि नंतर थेट २०२५ साली ती त्या तारखेस आली. मधल्या अठरा वर्षांत एकदाही नाही. तिथीने लग्न आणि महाशिवरात्र यांची गाठ पडणे तर याहून दुर्घट. कारण चतुर्दशी ही रिक्ता तिथी, आणि पंचांगकर्ते त्या दिवशी सहसा लग्नाचा मुहूर्त देत नाहीत. तेव्हा कोणी म्हणेल, की ही सोयरीक म्हणजे निव्वळ योगायोग. त्यावर एवढी इमारत कशास रचावी?

आमचे उत्तर असे, की योगायोगाची वाट पाहावयाचीच नाही. विवाहाच्या दाखल्यावरील तारीख कायद्याच्या कामाची आहे. ती तेथे खुशाल असू द्यावी. परंतु स्मरणाचा दिवस कोणता मानावा, हे ठरविण्याचा अधिकार त्या दोघांचा आहे. विवाहदिनाच्या मागेपुढे येणारा जो सण त्यांच्या मनास भिडेल, तो त्यांनी आपला म्हणावा. 'आमचा दिवस आमचा' असे म्हणणाऱ्यांनी तो निवडण्याचे स्वातंत्र्य मात्र छापील दिनदर्शिकेच्या स्वाधीन करावे, यात कसले स्वातंत्र्य आहे?

आणि या पट्ट्यातील लोकांस ही निवड करण्याचे एक रोकडे कारण आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसापासून अंबरनाथ साठ किलोमीटर आणि बदलापूर अडुसष्ट. पहाटे डबा घेऊन निघावे, गाडीत उभ्याने जावे आणि दिवेलागणी उलटल्यावर परतावे, हा येथील हजारो घरांचा नित्यक्रम आहे. आणि आता पुष्कळ घरांत तो पतीपत्नी दोघांचाही आहे. अशा घरात विवाहदिन बुधवारी आला, तर रात्री दहा वाजता पेंगुळलेल्या मुलांसमोर केक कापणे आणि त्याचे छायाचित्र आप्तेष्टांस पाठविणे, यापलीकडे त्याची मजल जात नाही. ज्या दिवशी दोघे घरी असतात, शेजारपाजार मोकळा असतो आणि वडीलमंडळीही जागी असतात, तो दिवस सणाचा. एकमेकांसाठी फुरसत नसेल तर विवाहाचे स्मरण ते कसले? खाजगी नोकऱ्यांत प्रत्येक सणाची सुटी मिळत नाही हे आम्ही जाणतो. परंतु मागितलेली रजा सणासाठी जितकी मिळते, तितकी लग्नाच्या वाढदिवसासाठी मिळत नाही, हेही सर्वांस ठाऊक आहे.

तथापि फुरसत हे सोयीचे कारण झाले, अर्थाचे नव्हे. महाशिवरात्रीस शिवपार्वतीचा विवाह झाला असे पुष्कळ ठिकाणी मानतात, आणि घारापुरीच्या लेण्यांत तो विवाह पाषाणात कोरलेला आहे. परंतु मराठी घरांस या रात्रीची ओळख आहे ती मुख्यतः व्याधाच्या कथेने. श्रीधरस्वामींनी १७१८ साली बारामतीस पूर्ण केलेल्या 'शिवलीलामृता'तून ती पिढ्यान्पिढ्या वाचली गेली आहे. बेलाच्या झाडावर रात्रभर जागणाऱ्या व्याधापुढे हरिणी येतात, हरीण येतो. प्रत्येक जण घरी जाऊन परत येण्याची मुदत मागतो आणि प्रत्येक जण परत येतो. शेवटी नर म्हणतो मला आधी मार, माद्या म्हणतात आम्हांस आधी मार. या कथेत पतीसाठी एकटीनेच उपाशी राहणारी स्त्री नाही. दोघांनी दिलेला शब्द दोघांनीही पाळला, एवढाच तिचा मथितार्थ आहे. तेच हरीण मृग नक्षत्र होऊन आणि तोच व्याध त्याच्यामागे तारा होऊन माघाच्या रात्री आकाशात दिसतात. संसाराच्या स्मरणास याहून योग्य कथा आणि याहून योग्य रात्र आम्हांस तरी ठाऊक नाही.

येथेच आमची अट येते. सण आणि संसार यांची गाठ घालण्यास सुधारकांचा जो आक्षेप आहे, तो वरील दोहोंपेक्षा वजनदार आहे. ते म्हणतात, विवाहाशी निगडित असलेले आपले बहुतेक सण स्त्रीच्या पाठीवर उभे आहेत. वटपौर्णिमेस वडाला सूत गुंडाळावयाचे तिने. मंगळागौर जागवावयाची तिने. पाडव्यास ओवाळावयाचे तिने. उल्हासनगरातील सिंधी भगिनींची तीजडीही त्याच जातीची: दिवसभर निर्जळी राहून चंद्रदर्शन करावयाचे, आणि तेही पतीच्या आयुष्यासाठी. पत्नीच्या आयुष्यासाठी पतीने करावयाचे व्रत कोणते, असे विचारले तर पंचांग मिटून ठेवावे लागते. महाशिवरात्रीचा उपवास स्त्रीपुरुष दोघांचाही, हे खरे. परंतु त्या दिवशी स्वयंपाकघरात डोकावून पाहावे. साबुदाणा भिजविणारी, रताळी उकडणारी, वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी रांधणारी, शिवाय उपवास न करणाऱ्यांसाठी वेगळी पोळीभाजी करणारी व्यक्ती एकच असते, आणि तिचाही उपवासच असतो. विवाहदिन या दिवसास जोडल्याने तिच्या कामात आणखी एका गोड पदार्थाची भर पडणार असेल, तर ती सोयरीक मोडलेलीच बरी. व्रत दोघांचे असेल तर चूलही दोघांची असली पाहिजे. ज्या पुरुषास हे कबूल नसेल, त्याने शिवालयात जाऊन अर्धनारीनटेश्वरास हात जोडण्याचे श्रम घेऊ नयेत.

ही अट पाळली, तर अशा विवाहदिनाचा एक मोठा लाभ आहे, आणि आमच्या प्रतिपादनाचे मर्म त्यातच आहे. दोघांनीच एकांतात साजरा केलेला दिवस दोघांपैकी एक जण गेला की संपतो. विशेषतः मागे राहिली ती स्त्री असेल, तर त्या तारखेचा उच्चारही घरात अशुभ ठरतो. ज्या दिवशी तिला आठवणींची सर्वांत अधिक गरज असते, त्याच दिवशी सारे घर मुके होते. हळदीकुंकवाचे दार तिला पूर्वीच बंद केलेले असते. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांच्या अवहेलनेच्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तो मे २०२२ मध्ये. आणि त्याच महिन्यात राज्य शासनास परिपत्रक काढून इतर गावांनी हा कित्ता गिरवावा असे सांगावे लागले. यावरून ती दारे किती घट्ट लावलेली आहेत, हे दिसून येते. परंतु महाशिवरात्र तिच्यापासून कोणी हिरावून घेत नाही. अंबरनाथच्या गाभाऱ्यात वीसएक पायऱ्या उतरूनच जावे लागते, आणि त्या पायऱ्यांवर सधवा-विधवा अशा दोन रांगा नाहीत. जो दिवस पंचवीस वर्षे दोघांनी मिळून पाळला, तो ती एकटीने, पण चारचौघांत आणि उजळ माथ्याने पाळू शकते. मुलांनाही त्या दिवशी वडिलांचे नाव काढण्यास संकोच वाटत नाही.

हीच गोष्ट उल्हासनगरच्या वडीलधाऱ्यांस अधिक कळेल. १९४७ नंतर कल्याणच्या लष्करी छावणीत जे सिंधी निर्वासित उतरले, आणि ज्यांच्या वसाहतीस १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळाले, त्यांची घरे, शेते, दस्तऐवज सारे मागे राहिले. चेटीचंड मात्र त्यांच्याबरोबर आला. कागद हरवतो, तारीख विसरते. सण मात्र आठवणीसाठी थांबून राहतो, कारण तो एकट्याच्या स्मरणशक्तीवर अवलंबून नसतो. सारी वस्ती तो आपल्यासाठी लक्षात ठेवते. आपल्या लग्नाची आठवण अशा भक्कम खुंटीस टांगून ठेवणे हा शहाणपणा आहे. त्यास भाबडेपणा म्हणणारे आठवणींच्या आयुष्याचा विचार करीत नाहीत.

सण सार्वजनिक झाले म्हणजे त्यांचे काय होते, हे आपण पाहतच आहोत. चौकाचौकांत शुभेच्छांचे फलक लागतात, त्यांवर देव लहान आणि शुभेच्छुक मोठे असतात. ध्वनिवर्धकांनी कान किटतात. आणि ज्या वालधुनीच्या काठी १०६० सालचा शिलालेख मिरविणारे हे देवालय उभे आहे, त्या नदीचे आपण गटार करून टाकले आहे. हे सारे होते, कारण त्या दिवसाशी आपले घरचे असे काही उरलेले नाही. ज्या दिवसात आपल्या आयुष्याचा काही अंश गुंतलेला आहे, त्याची विटंबना माणूस सहजासहजी होऊ देत नाही. ज्या काठावर आपण दर वर्षी दोघे मिळून येतो, तेथील पाण्याची दुर्गंधी आपल्याला अधिक लागते, लागली पाहिजे.

सनातन्यांनी देवास माणसांच्या सुखदुःखापासून सोवळ्यात ठेविले, आणि नव्यांनी आपले सुख चार भिंतींत कोंडून घेतले. पहिल्याने सण पोकळ झाले, दुसऱ्याने संसार एकाकी झाले. या दोन्ही चुका एकाच वेळी दुरुस्त करण्याचा मार्ग साधा आहे आणि त्यास खर्चही नाही. प्रत्येक दांपत्याने वर्षातला एक सण आपला म्हणून निवडावा, त्या दिवशीचे व्रत आणि त्या दिवशीचे काम निम्मेनिम्मे वाटून घ्यावे, आणि दोघांपैकी एक मागे राहिला तरी तो दिवस मोडणार नाही, असे एकमेकांस वचन द्यावे. व्याधाच्या कथेतील हरणांनी जे पाळले, ते सुशिक्षित माणसांस अवघड जाऊ नये.