राहू वेळापत्रकाने कसा येतो?

२२ जुलै २००९, बुधवारची पहाट. घाटकोपरच्या डोंगरउतारावरील एका वस्तीत आमच्या नात्यातले एक घर. दारावर पंचशील ध्वज, भिंतीवर तथागत बुद्ध आणि बाबासाहेबांची तसबीर. आणि आतल्या खोलीत, खिडकीला गोधडी लावून, आदल्या रात्रीपासून पोटात अन्नाचा कण नसलेली सात महिन्यांची गरोदर सून! सासूबाई विहारात नेमाने जाणाऱ्या, वंदना तोंडपाठ असलेल्या. पण ग्रहणात सुनेने विळीला हात लावला तर बाळाचा ओठ फाटेल, ही धास्ती काही त्यांच्या मनातून गेलेली नव्हती. साडेसात वाजता ‘सुटलं एकदाचं’ असे म्हटले गेले, तेव्हा कुठे त्या माऊलीला चहाचा घोट मिळाला.

त्या वेळी पोटात असलेली मुलगी आता दहावी झालेली आहे. तिने परवा आजीला सरळ विचारले, ‘आजी, राहू जर सूर्याला गिळतो, तर तो किती वाजून किती मिनिटांनी सोडणार, हे तुम्हाला आधीच कसं ठाऊक होतं?’ आजी निरुत्तर झाली. पोरीचा प्रश्न मात्र आपल्या सर्वांना आहे.

त्या सकाळी खरोखर काय झाले होते? मुंबईत सूर्य उगवला तोच ग्रहण लागलेला. सहा वाजून वीस मिनिटांनंतर लगेच ग्रहण ऐन भरात आले आणि सव्वासातच्या सुमारास सुटले. पावसाळी ढगांमुळे मुंबईकरांना फारसे काही दिसले नाही. मुंबईत सूर्यबिंबाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग झाकला गेला, तरी ते ग्रहण खंडग्रासच होते. खग्रास ग्रहणाचा पट्टा आपल्या उत्तरेला होता. सुरत, इंदूर, भोपाळ, वाराणसी, पाटणा असा तो गेला. आपल्या महाराष्ट्रातील नंदुरबारचा भागही त्यात होता. हा पट्टा साधारण दोनशे किलोमीटर रुंदीचा. बोरिवलीला गाडीत बसून सुरतेला उतरलेला माणूस तीन मिनिटांहून अधिक काळ पूर्ण सावलीत होता आणि बोरिवलीतच राहिलेला माणूस त्या सावलीच्या बाहेर होता. पुढे प्रशांत महासागरात याच ग्रहणाची खग्रास अवस्था ६ मिनिटे ३९ सेकंदांपर्यंत गेली. एकविसाव्या शतकातील हे सर्वांत दीर्घ खग्रास सूर्यग्रहण होय.

एवढे नेमके कसे सांगता येते? कारण हा सावल्यांचा हिशेब आहे. सूर्याचा व्यास चंद्राच्या सुमारे ४०० पट आहे आणि तो चंद्रापेक्षा जवळपास तितकाच पट दूर आहे. म्हणून आकाशात दोन्ही बिंबे सारख्याच आकाराची दिसतात आणि चंद्र सूर्याला पुरता झाकू शकतो. चंद्राची कक्षा सुमारे पाच अंशांनी कललेली असल्याने प्रत्येक अमावास्येला ग्रहण होत नाही. चंद्राच्या दाट सावलीचे टोक पृथ्वीवर ज्या चिंचोळ्या वाटेने सरकते, तेवढ्यापुरतेच खग्रास ग्रहण दिसते. म्हणूनच एखाद्या ठरावीक गावी खग्रास सूर्यग्रहण सरासरी सुमारे पावणेचारशे वर्षांत एकदाच येते.

या हिशेबात एक गंमतही आहे. १८ वर्षे, ११ दिवस आणि सुमारे ८ तासांनी तशाच प्रकारचे ग्रहण पुन्हा येते. २२ जुलै २००९ मध्ये १८ वर्षे ११ दिवस मिळवा. तारीख येते २ ऑगस्ट २०२७, आणि त्या दिवशी खग्रास सूर्यग्रहण आहेच! वरच्या आठ तासांत पृथ्वी एक तृतीयांश फिरलेली असते, म्हणून सावलीची वाट पश्चिमेला सरकते. २०२७ चे खग्रास ग्रहण स्पेनचे दक्षिण टोक, उत्तर आफ्रिका, इजिप्त आणि अरबस्तानातून जाईल. मुंबईत ते दुपारनंतर खंडग्रास दिसेल. आता सांगा, आपली लोकल रोज दहा मिनिटे उशिरा येते आणि राहू मात्र अठरा वर्षांनी सेकंद न चुकता हजर होतो! वेळापत्रकाने येणारा हा कसला राक्षस?

हे ज्ञान काही काल-परवाचे नाही. इ. स. ४९९ च्या सुमारास आर्यभटाने सांगून ठेवले होते की सूर्यग्रहणात चंद्र सूर्याला झाकतो आणि चंद्रग्रहणात पृथ्वीची सावली चंद्रावर पडते. ब्रह्मगुप्ताला ग्रहणाचे गणित उत्तम येत होते. तरीही राहू नाकारणाऱ्यांवर त्याने टीका केली, कारण शास्त्रे-पुराणे तसे सांगत होती. सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतात आलेल्या अल्बेरुनीने हा दुटप्पीपणा अचूक हेरला आणि कारण ठाऊक असूनही हे पंडित पुरोहितांपुढे मान तुकवतात, असे स्पष्ट नोंदवले. म्हणजे गणित पोथीत राहिले आणि गावात पाठवली गेली ती भीती! ज्यांना वेळ काढता येत होती त्यांनी वेळ सांगितली. कारण मात्र लपवून ठेवले.

या लपवाछपवीची किंमत आपल्या वाडवडिलांनी मोजली. राहू-केतू ही अस्पृश्यांची दैवते, महार-मांगांना दान दिले की ग्रहण सुटते, अशी समजूत गावोगाव रुजवलेली होती. ग्रहण लागले की ‘दे दान, सुटे गिराण’ अशी आरोळी देत आपली माणसे दारोदार फिरत. फाटके कपडे, मूठभर धान्य अंगावर टाकले जाई. एरवी ज्याची सावली विटाळाची, त्याच्याच झोळीत चंद्राच्या सावलीचा विटाळ टाकून वरचे लोक मोकळे होत. २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास ग्रहणाचा पट्टा विजयदुर्गापासून सोलापूरकडील जेऊरवरून नागपूरकडे गेला. दुर्बिणी घेऊन इंग्लंड-अमेरिकेहून शास्त्रज्ञ आले. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातील कावसजी नायगमवाला यांनीही जेऊरला निरीक्षणे केली. त्या वेळी भीमराव सहा वर्षांचे होते. सूर्याचा अभ्यास करायला जग महाराष्ट्रात येत होते, आणि याच महाराष्ट्रातील शाळेत या बालकाला बसण्यासाठी घरून गोणपाट न्यावे लागणार होते!

म्हणूनच मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस सोडा, शिळे तुकडे मागणे सोडा, असे सांगितले, तेव्हा त्यात ग्रहणाच्या झोळीचेही उत्तर होते. आपण ती झोळी फेकून दिली. पण झोळीमागची भीती फेकली का? हा खरा प्रश्न आहे.

मेघनाद साहा यांचे नाव या निमित्ताने आपल्या मुलांना सांगितले पाहिजे. ढाक्याजवळच्या खेड्यातील किराणा दुकानदाराचा हा मुलगा मागास मानलेल्या जातीत जन्मला. कोलकात्याच्या वसतिगृहात त्यांना जातीचे चटके बसले. याच साहांनी १९२० मध्ये सूर्य आणि ताऱ्यांच्या प्रकाशातून त्यांचे अंतरंग वाचण्याचे सूत्र जगाला दिले. पुढे भारत सरकारच्या पंचांग सुधारणा समितीचे अध्यक्षही तेच झाले आणि त्यातूनच २२ मार्च १९५७ पासून आपली राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. पंचांग ही कोणा एका जातीची मिरास नव्हे, ते गणित आहे आणि गणित सर्वांचे आहे!

कोणी म्हणेल, पाली साहित्यातही राहूची कथा आहे. होय, संयुत्त निकायातील सुरिय सुत्तात ती आहे. लपवण्याचे कारण नाही. पण ग्रंथात आहे म्हणून मानू नका, पारखून घ्या, हे कालामांना सांगणारे तथागतच होते. आपण धम्म स्वीकारला तो पोथी बदलण्यासाठी नव्हे, तर पोथीसमोर डोळे मिटण्याची सवय बदलण्यासाठी. शिवाय १९७६ च्या घटनादुरुस्तीने आलेल्या कलम ५१ क नुसार वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे.

आता गरोदर बायांविषयी. ओठ दुभंगतो तो गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या आठवड्यांत. त्यामागे आनुवंशिकता, पोषण, तंबाखू अशी कारणे असतात. सातव्या महिन्यात विळी धरल्याने तो फाटत नाही. पण वस्तीतले चित्र काय? ग्रहणात सुनेला भाजी चिरू न देणारी सासू रोज सकाळी स्वतः मिसरी लावते आणि सुनेलाही लावू देते. तंबाखूने बाळाचे वजन घटते, हे सिद्ध झालेले सत्य आहे. जे बाधत नाही त्याचे कडक पालन आणि जे बाधते त्याला मोकळे रान! रात्रभर उपाशी ठेवलेल्या अशक्त बाईला चक्कर आली, तर तो दोष राहूचा म्हणायचा की आपला?

धोका एकच आहे आणि तोही ग्रहणाचा नसून सूर्याचा आहे. उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे कधीच पाहू नये. मुंबईतील खंडग्रास ग्रहणात तर एक क्षणही नाही. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, साधा गॉगल यांपैकी काहीही चालत नाही. प्रमाणित ग्रहणचष्माच हवा. तोही नसेल तर स्वयंपाकघरातला झारा उन्हात धरा. त्याच्या प्रत्येक भोकातून जमिनीवर सूर्याची एकेक चंद्रकोर उमटेल. आकाशाकडे पाठ करून, एक पैसा खर्च न करता अख्ख्या चाळीला ग्रहण पाहता येते.

२ ऑगस्ट २०२७ हा सोमवार आहे. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथील विहार समित्यांनी, महिला मंडळांनी त्या दुपारसाठी आतापासून तयारी करावी. आधीच्या रविवारी वंदनेनंतर मुलांना चेंडू आणि विजेरी घेऊन सावलीचा खेळ दाखवावा. वेळा फळ्यावर लिहाव्यात. ऑगस्टचे ढग आडवे आले तर टीव्हीवर इजिप्तचे खग्रास दाखवावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, त्या दुपारी गरोदर लेकी-सुनांना विहारात मानाने बसवून पोटभर जेवू घालावे.

घाटकोपरची ती मुलगी तेव्हा अठरा वर्षांची व्हायला महिना-दीड महिना उरलेला असेल. तिने आजीला सांगून ठेवले आहे, झारा मी धरणार आणि आई बाहेर उन्हात उभी राहणार.